दुरुस्त केलेला संगणक तोच असतो का?

1980 च्या दशकातील घरगुती संगणकांचा छंद बहुधा बंद पडलेल्या यंत्रापासून सुरू होतो. कमोडोर 64 आणि सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम, दोन्ही 1982 चे. आज ते हाती येतात तेव्हा स्पेक्ट्रमच्या कळांखालचा पातळ प्लास्टिकचा पडदा ठिसूळ झालेला असतो आणि कपॅसिटर सुकलेले असतात. कमोडोरचा मूळ अडॅप्टर तर धोकादायकच. तो बिघडला की 5 व्होल्टच्या जागी जास्त दाब सोडतो आणि मेमरीच्या चिप जाळतो. नवख्याने पहिली गोष्ट शिकायची ती हीच, की जुना अडॅप्टर तपासल्याशिवाय लावायचा नाही. मग एकेक भाग बदलत जातो: अडॅप्टर, कपॅसिटर, मेमरी, कधी सगळा बोर्डच. टेबलावर उरलेले यंत्र मूळचेच म्हणायचे का, हा तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न इथे सोल्डरिंगच्या कामातून उभा राहतो.

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाविषयी विचारतो: आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, की या सर्वांहून वेगळे काही म्हणजे रथ? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते. एकत्र आलेल्या भागांना व्यवहारासाठी दिलेले नाव म्हणजे रथ, इतकेच उरते. या मताने चिप बदलताना काही गमावले जात नाही, कारण भागांपलीकडे गमावण्याजोगे काही नव्हतेच.

न्याय दर्शनाच्या अनुयायांना, म्हणजे नैयायिकांना, हे मान्य नाही. अवयवांहून वेगळा ‘अवयवी’ खरोखर असतो, असे ते म्हणतात. वस्तूचा एक भाग धरून ओढला तर अख्खी वस्तू येते, नुसत्या ढिगाचे तसे होत नाही, हा त्यांचा एक युक्तिवाद. मात्र या मताची किंमत मोठी आहे. वस्त्रातला एक धागा काढला की जुने वस्त्र नष्ट होऊन ‘खंडपट’ हे नवे द्रव्य उत्पन्न होते, असे त्यांना मानावे लागते. ‘हे तेच वस्त्र’ असे जे वाटते, ते त्याच जातीचे असल्यामुळे. म्हणजे एक कपॅसिटर बदलला तरी हौशी माणसाच्या हाती दुसराच संगणक येतो. तर्क बिनचूक आहे, पण अशा कसोटीवर कोणतीच दुरुस्ती टिकणार नाही.

यातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे यंत्राचे ‘तेपण’ त्याच्या कामात शोधणे. जुना प्रोग्राम तसाच चालला की संगणक तोच. मग धातू-प्लास्टिकचीही गरज नाही. आजच्या संगणकावर कमोडोरची हुबेहूब नक्कल करणारा ‘व्हाइस’सारखा एम्युलेटर पुरेसा आहे. हे मत ज्या ठिकाणी अडखळते ती जागा बारकाईने पाहण्यासारखी आहे. कमोडोर 64 चा आवाज बॉब यानेस यांनी आखलेल्या सिड नावाच्या चिपमधून येतो. 6581 या तिच्या पहिल्या आवृत्तीतला फिल्टर अ‍ॅनालॉग असल्याने दोन चिपचे आवाज तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय तिच्यात एक दोष होता: आवाजाची पातळी बदलली की खट् असा ध्वनी येई. प्रोग्रामरांनी ही पातळी झपाट्याने बदलून त्या दोषातूनच ढोल आणि माणसाचे बोलणे काढले. पुढच्या 8580 आवृत्तीत दोष जवळजवळ नाहीसा झाला आणि जुन्या गेममधले ते आवाज क्षीण झाले. म्हणून चांगल्या एम्युलेटरला दोषाचीही नक्कल करावी लागते. पण नक्कल कोणत्या चिपची? यंत्राचे काम हे त्याच्या द्रव्यापासून वाटते तितके सुटे नसते. केवळ कार्यावर भिस्त ठेवणारे मत त्यामुळे अपुरे ठरते.

फळ्या एकेक करून बदललेले थीसियसचे जहाज तेच राहते का, या जुन्या कोड्याला थॉमस हॉब्जने 1655 मध्ये एक पीळ दिला. जहाजाच्या बदललेल्या फळ्या जपून त्यांचेच दुसरे जहाज बांधले, तर मूळ कोणते? या छंदात हे रोजचे आहे, कारण एका यंत्रातल्या शाबूत चिप दुसऱ्याला जीवदान देतात. इथे जाती आणि व्यक्ती वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवान्याने काढलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस हा स्पेक्ट्रमच का, हा जातीचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर रचनेवरून देता येते, आणि ते होकारार्थी आहे. एखाद्या घरात लहानपणी वापरलेला स्पेक्ट्रम हाच का, हा व्यक्तीचा प्रश्न. त्याला रचना पुरत नाही. कोणता भाग कधी आणि कशासाठी बदलला याचा अखंड माग लागतो. काढलेल्या चिप चिठ्ठी लावून डबीत ठेवण्याची काटेकोर संग्राहकांची सवय याच कामी येते. ती डबी विकत घेऊन कुणी दुसरे यंत्र उभे केले, तर त्याचे सुटे भाग मूळचे असतील, पण त्या घरातल्या वापराचा आणि दुरुस्त्यांचा माग पहिल्याच यंत्राकडे राहील.