आप्तवाक्य आणि जाहिरात

न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाने, कोणाचा शब्द प्रमाण मानावा या प्रश्नाचा निर्णय करताना, जन्म, पद किंवा प्रतिष्ठा यांपैकी कशाचाही आधार घेतलेला नाही. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशीच ती दुसऱ्यास सांगावी या इच्छेने जो बोलतो तो आप्त, एवढेच त्याचे लक्षण. आणि ते ऋषी, आर्य व म्लेच्छ यांना सारखेच लागू आहे, असे तो स्वच्छ सांगतो. या भाष्याची आठवण मला होते ती एका अगदी व्यावहारिक मामल्यात: संकेतस्थळाच्या मालकाने आपल्या स्थळाचा प्रसार, लोकांनीच चालवलेल्या समूहांत शिरून आणि त्यांच्यातलाच एक होऊन, करावा काय, आणि करावयाचा तर कोणत्या मर्यादेत?

या समूहांचे सारे बळ वात्स्यायनाच्या त्या उदार लक्षणावरच उभे आहे. रेडिटवर किंवा स्टॅक ओव्हरफ्लोवर उत्तर देणाऱ्याचे गाव वा पदवी वाचणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते. तरीही पुण्यातला विद्यार्थी दूरदेशीच्या अनोळखी अभियंत्याचे म्हणणे बेलाशक स्वीकारतो, कारण हा मनुष्य या वाटेने स्वतः गेलेला आहे आणि आपल्याला फसवण्यात त्याचा काही लाभ नाही, ही दोन गृहीतके त्याने मनाशी धरलेली असतात. शोधयंत्रांनीही साक्षीलाच प्रमाण मानले, फक्त वात्स्यायनाने वगळलेली प्रतिष्ठा तीत परत आणली. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना मांडलेल्या पेजरँक पद्धतीत, एका पानाने दुसऱ्याकडे दिलेला दुवा ही जणू एक साक्ष धरली जाते, आणि साक्षीदार जितका प्रतिष्ठित तितके त्या साक्षीचे वजन अधिक. साक्षीला असे मोल आल्यावर तिचा बाजार भरणे क्रमप्राप्तच होते.

समूहांत जाहिरात घुसवण्याची खोड मात्र त्याही आधीची: एप्रिल १९९४ मध्ये ॲरिझोनातील लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या वकील दांपत्याने, अमेरिकेच्या ग्रीन कार्ड सोडतीसंबंधीच्या आपल्या सेवेची जाहिरात यूझनेट या जुन्या चर्चाजाळ्याच्या हजारो चर्चागटांत एकदम टाकली, आणि तेथील लोक संतापाने खवळून उठले. पण नीतीच्या दृष्टीने ते प्रकरण सोपे आहे. तो दांडगावा होता, तोतयेगिरी नव्हती. दवंडी कोण पिटतो आहे हे ऐकणाऱ्यास कळत होते.

खरा पेच पुढचा आहे. समजा, एखाद्या समूहात कोणी विचारले की, लहान दुकानाचा हिशेब ठेवण्यास सोयीचे स्थळ कोणते. एकजण एका स्थळाचे नाव सांगतो. थोड्या वेळाने दुसरा येऊन आपणही बरेच दिवस तेच वापरतो म्हणतो. तिसरा दोघांचेही आभार मानतो. आणि या तिन्ही नावांमागे त्या स्थळाचा मालक एकटाच बसलेला असतो. स्थळ चांगले असेल, तो ते वापरतही असेल, म्हणजे वाक्यावाक्याने पाहता सारा मजकूर सत्य ठरेल. परंतु तिघांचे एकमत ही चौथी आणि सर्वांत वजनदार साक्ष जी त्याने न बोलता दिली, ती निखालस खोटी आहे. २००५ साली रेडिट सुरू झाले तेव्हा, स्थळ ओस दिसू नये म्हणून स्टीव्ह हफमन आणि ॲलेक्सिस ओहॅनियन या संस्थापकांनी बनावट नावांनी स्वतःच दुवे टाकले, हे त्यांनी पुढे उघडपणे सांगितले आहे. दुवे वाचनीय होते, आणि खरी माणसे आल्यावर त्या नावांची गरज उरली नाही, असे त्यांच्या बचावादाखल म्हणता येईल. मला तो बचाव पुरेसा वाटत नाही. कारण पहिल्यावहिल्या आगंतुकाने जो विश्वास टाकला तो केवळ दुव्यांच्या गुणावर नव्हे, तर येथे माणसे जमली आहेत या समजुतीवर, आणि ती समजूत त्या घटकेला असत्य होती.

मग विकणाऱ्याने बोलूच नये काय? इतका कठोर निवाडा मी देणार नाही. वैद्याला औषधाचे पैसे मिळतात म्हणून त्याचे निदान खोटे ठरत नाही. लाभाची इच्छा आणि यथार्थ सांगण्याची इच्छा एका अंतःकरणात नांदू शकतात. मात्र बोलणारा आप्त आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार ऐकणाऱ्याचा आहे, आणि हितसंबंध लपवणारा मनुष्य नेमका तोच अधिकार हिरावून घेतो. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, हे कांटने १७८५ मध्ये मांडलेले तत्त्व येथे शब्दशः लागू पडते, कारण फसवला गेलेला वाचक ज्या हेतूला हातभार लावतो त्या हेतूला त्याने संमती दिलेलीच नसते. स्टॅक ओव्हरफ्लोवर नियम आहे की, स्वतःच्या वस्तूची शिफारस करणाऱ्याने तिच्याशी असलेला आपला संबंध उत्तरातच सांगावा. हे साधन मीच तयार केले आहे, असे प्रारंभीच वाचल्यावर वाचणारा सावध होतो खरा, पण वाचणे सोडत नाही. त्या साधनाची जातकुळी आणि खोड कर्त्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? भारतातही ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने २०२१ मध्ये, समाजमाध्यमांवरील प्रभावशाली व्यक्तींनी मोबदल्याच्या मजकुरावर तशी स्पष्ट खूण करावी, असे मार्गदर्शक नियम घालून दिले.

ज्ञान हे स्वतःच प्रमाण असून बाध येईपर्यंत ते खरे मानावे, हा मीमांसकांचा पक्ष. प्रामाण्य बाहेरून पडताळावे लागते, हा नैयायिकांचा. माणसांचा मेळा जमतो आणि टिकतो तो पहिल्या पक्षावर. छद्मी जाहिरातदार प्रत्येक अनोळखी शब्दाची शहानिशा करणे सर्वांना भाग पाडतो, आणि त्या संशयाचा दंड निरपराधांनाही भरावा लागतो. जाहिरातीच्या दुव्यांचा लोंढा थोपवण्यासाठी इंग्रजी विकिपीडियाने जानेवारी २००७ मध्ये लेखांतील बाहेरच्या सर्व दुव्यांना ‘नोफॉलो’ ही खूण लावली, म्हणजेच या दुव्यास साक्ष समजू नये असे शोधयंत्रांना कळवून टाकले. आणि त्या एका निर्णयाने, ताम्रपटाच्या वाचनाखाली एखाद्या अभ्यासकाने पारखून दिलेला आधार आणि कोणा दुकानदाराने त्याच पानात गुपचूप घुसडलेला पत्ता, हे दोन्ही एकाच मोलाचे ठरले.