रेघेच्या वर, रेघेच्या खाली

विश्रांतवाडी, पुणे

प्रिय मनू,



तुझा लांबलचक मेसेज मी दोनदा वाचला. ‘टीअर्स ऑफ द किंग्डम’ या व्हिडिओ गेममध्ये राउरू हा हायरूल राज्याचा पहिला राजा, मग आधीच्या इतक्या झेल्डा खेळांतल्या हायरूलचं काय? ‘विंड वेकर’मध्ये पंखवाले रिटो हे पाण्यातल्या झोरांचे वंशज, तर ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये दोघेही एकाच काळात कसे नांदतात? यावरून तुमच्या गटात चांगलंच वाजलं, आणि एकानं तुला ऐकवलं की हा नुसता खेळ आहे, इतकं डोकं कशाला लावतेस. शेवटी तू विचारलंस, “आजी, खरं कोणाचं धरायचं?”

डोकं लाव. भरपूर लाव. ज्या कथेत आपण वर्षानुवर्षं राहतो, तिच्यातले वंश, वाटा आणि वेळा जुळाव्यात असं वाटणं हे प्रेमाचंच लक्षण आहे. आपल्या पुण्यात तर याच कामासाठी माणसांनी सत्तेचाळीस वर्षं दिली आहेत. म्हणून हे पत्र जरा लांबणार.

आधी एकनाथ महाराजांची गोष्ट. दर आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी आळंदीहून दिघीमार्गे आपल्या विश्रांतवाडीवरून पुण्यात शिरते, ती तू गॅलरीतून पाहिली आहेस. त्याच ज्ञानोबांची ज्ञानेश्वरी झाली शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली. पुढच्या तीनशे वर्षांत हातानं नकला होत गेल्या, शब्द बदलले, कोणी भक्तिभावानं स्वतःच्या ओव्याही घातल्या. नाथांनी शके १५०६ मध्ये, १५८४ साली, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कोणी आपली ओवी यात घालू नये असं कडक शब्दांत बजावून ठेवलं. तिथे ते योग्यच होतं. ज्ञानेश्वरीचा कर्ता एक, काळ ठरलेला. त्यानं काय म्हटलं होतं, या प्रश्नाला उत्तर असू शकतं.

महाभारताचं तसं नाही. ते व्यासांनी रचलं, वैशंपायनानं जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितलं आणि तिथे ऐकून उग्रश्रवा सूतानं नैमिषारण्यात शौनकादी ऋषींना सांगितलं, असं ते स्वतःच सांगतं. म्हणजे ग्रंथातच एकाच्या तोंडात दुसऱ्याचं तोंड. पुढे काश्मिरात, बंगालात, नेपाळात, केरळात प्रती होत गेल्या आणि प्रत्येक प्रांतानं आपापली भर घातली. सतराव्या शतकात नीलकंठ चतुर्धरानं, मूळच्या कोपरगावच्या घराण्यातल्या पण काशीत राहिलेल्या पंडितानं, ठिकठिकाणच्या पोथ्या जमवून त्यांतले उत्तम वाटले ते पाठ घेतले आणि त्यावर टीका लिहिली. पुण्याच्या चित्रशाळेनं छापलेलं महाभारत त्याच्याच टीकेसह आहे. नीलकंठाचा कल सामावून घेण्याकडे होता. त्यामुळे त्याची पोथी भरगच्च झाली, पण कुठली गोष्ट कुठल्या प्रांतातून आली हे तिच्यावरून कळत नाही.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं वेगळी वाट धरली. १ एप्रिल १९१९ रोजी खुद्द रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या हातून पाठ जुळवण्याच्या कागदावर पहिली ओळ लिहिली गेली. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले. हे गृहस्थ केंब्रिजला गणित शिकलेले, मग बर्लिनला संस्कृत. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम अशा कितीतरी लिप्यांतल्या पोथ्या समोर ठेवून एकेक श्लोक जुळवायचा. सगळं काम संपेपर्यंत १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. सुकथनकर १९४३ मध्ये गेले. त्यांच्या मागे बेलवलकर आणि नंतर प. ल. वैद्य यांनी धुरा उचलली आणि १९६६ साली अठराही पर्वं पुरी झाली.

त्या आवृत्तीचं एक पान कसं असतं ते तुला सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला त्या पानाच्या मांडणीत दिसतं. पानावर आडवी रेघ. रेघेच्या वर जुन्यात जुना म्हणून हाती लागणारा पाठ. रेघेच्या खाली बारीक टाइपात बाकी सगळं: कोणत्या पोथीत कोणता शब्द आहे, कोणता श्लोक फक्त दक्षिणेकडे आहे, कोणता फक्त बंगालात. मोठे प्रसंग शेवटी परिशिष्टात. गणपतीनं महाभारत लिहून घेतलं ती आपली लाडकी गोष्ट परिशिष्टात आहे. स्वयंवरात द्रौपदी भर सभेत सूतपुत्राला वरणार नाही म्हणते, ते रेघेखाली आहे. काढून टाकलेलं मात्र काहीच नाही. प्रत्येकाच्या अंगावर त्याच्या गावाचं नाव आहे, इतकंच. आणि जिथे संपादकांना वरच्या पाठातल्या एखाद्या शब्दाचीही खात्री नव्हती, तिथे त्यांनी त्या शब्दाखाली नागमोडी रेघ ओढून तसं उघड सांगितलं. एवढ्या विद्वानांनी पानोपानी आपली शंका छापून ठेवावी, याचं मला फार मोल वाटतं.

आता तुझ्या ‘पहिल्या राजा’सारखीच एक अडचण. आदिपर्वाच्या पहिल्या अध्यायात उग्रश्रवा नैमिषारण्यात येतो, ऋषी त्याचं स्वागत करतात, कुठून आलास विचारतात, तो सांगू लागतो. चौथ्या अध्यायात तोच उग्रश्रवा पुन्हा त्याच शब्दांत येतो, आणि काय ऐकायला आवडेल असं विचारतो, जणू आधीचं काही घडलंच नाही! एकाच ग्रंथाला दोन सुरुवाती. सुकथनकरांना एक सुरुवात खाली ढकलून गोष्ट सुरळीत करता आली असती. पण उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या, दोन्हीकडच्या पोथ्यांत दोन्ही सुरुवाती आहेत, म्हणून त्यांनी दोन्ही वरच ठेवल्या. त्यांचा एक दंडकही होता: दोन पाठांतला अवघड पाठ बहुधा जुना असतो, कारण नक्कल करणारा अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड सहसा करत नाही. विसंगतीचंही तसंच. ती जिथे राहिली आहे, तिथे दोन हात एकमेकांना भेटल्याची खूण आहे. ती पुसली तर खूणही गेली.

या नजरेनं तुझी झेल्डा पाहा. पहिला खेळ १९८६ चा. सगळ्या खेळांचा अधिकृत कालक्रम ‘हायरूल हिस्टोरिया’त छापून आला तो २०११ च्या डिसेंबरात, म्हणजे पंचवीस वर्षांनी. ‘ऑकरिना ऑफ टाइम’पाशी काळाला तीन फाटे फोडले, त्यातला एक तर नायक हरला असता तर काय, असा. तोवर वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या यंत्रांसाठी खेळ केलेले होते, आणि हा क्रम त्यांच्यावर नंतर बसवलेला आहे. ही नीलकंठाची रीत झाली. तिला नावं ठेवायची नाहीत, पण विंड वेकर २००२ चं आणि ब्रेथ ऑफ द वाइल्ड २०१७ चं, यांत रिटो-झोरांचा मेळ बसत नसेल तर तो बळेच बसवू नकोस. दोन प्रांतांच्या दोन पोथ्या समज आणि दोन्ही जपून ठेव. तुमच्या गटातली एक मुलगी म्हणते की राउरूचं राज्य म्हणजे जुनं हायरूल बुडाल्यावर झालेली दुसरी स्थापना. कल्पना सुरेख आहे. तिनं ती जरूर लिहावी, रेघेच्या खाली, स्वतःच्या नावानं. खेळात तसं सांगितलं आहे, असं मात्र म्हणू नये.

पण एका बाबतीत मी पूर्णपणे तुझ्या बाजूची आहे. ब्रेथ ऑफ द वाइल्ड आणि टीअर्स ऑफ द किंग्डम यांचा दिग्दर्शक एकच, हिदेमारो फुजिबायाशी. भूमी तीच, माणसं तीच, मध्ये सहा वर्षं. असं असताना पहिल्या खेळातली शेइका जमातीची देवळं आणि ते अजस्र यांत्रिक पशू दुसऱ्यात नाहीसे होतात आणि खेळ त्याचा नीट खुलासा करत नाही. इथे पोथ्या, प्रांत, लेखनिक यांतलं काहीही आड येत नाही. इथे कर्ता एक आहे, आणि नाथांसारखा कडक जाब विचारायचा तुला हक्क आहे. तुमच्या भांडणात हे दोन प्रश्न एकात एक मिसळले आहेत, म्हणून ते मिटत नाही.

राहिला ‘हा नुसता खेळ आहे’ म्हणणारा तुझा मित्र. १९६७ साली शिवाजी सावंतांचं कर्णावरचं ‘मृत्युंजय’ आलं आणि इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ही. इरावतीबाई इथेच, आपल्या शेजारी येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात शिकवायच्या. त्यांनी भांडारकरची आवृत्ती समोर ठेवून लिहिलं, त्यांचा कर्ण शिवाजी सावंतांच्या कर्णासारखा तेजाळ नाही. त्यानंतर कितीतरी मराठी घरांत या दोन कर्णांवरून जेवणं थंड झाली आहेत. नुसती कथाच आहे म्हणून कोणी गप्प बसलं नाही. त्याला हे सांग, आणि एक कर्ण वाचायला दे. कोणता, ते तू ठरव.

दिवाळीत आलीस की लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकरला जाऊ. आदिपर्वाचं पान तुला दाखवायचं आहे. तोवर एक वही कर: कोणतं विधान, कोणत्या खेळात, कोणत्या साली, कोणाच्या तोंडी. यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. आणि पहिली नोंद करून मला लगेच कळव, राउरू पहिला राजा होता हे खेळात नेमकं कोण सांगतं, आणि त्याला ते कशावरून ठाऊक?

तुझी,
आजी