ज्याचा कॅमेरा त्याला भारी

रिळांच्या जमान्यातली गोष्ट. पुण्यात एका छायाचित्रकाराच्या हाताखाली दोन शिष्य होते. थोरल्याकडे लायका एम3 हा रेंजफाइंडर, धाकट्याकडे निकॉन एफ हा रिफ्लेक्स. पहिला कॅमेरा बाजारात आला 1954 साली, दुसरा 1959 साली. दोघांचं भांडण मात्र रोज ताजं.

"बटण दाबलं की तुझा आरसा खटाककन वर उडतो. फोटो निघतो नेमक्या त्या क्षणी तुला काळोख!" थोरला म्हणे.

"आणि तुझी बघायची खिडकी एकीकडे, लेन्स दुसरीकडे. लेन्सला काय दिसतंय ते तुला कुठे कळतं?" धाकटा म्हणे.

मास्तरांनी दोघांना वारीला धाडलं.

बाजीरावाच्या विहिरीजवळ रिंगण लागलं. माउलींचा अश्व दौडला आणि टापांखालची माती कपाळी लावायला वारकरी धावले. धाकट्याने लांब पल्ल्याची लेन्स चढवली होती. अश्वाची आयाळ चौकटभर उतरली. थोरल्याच्या 50 मिलिमीटरच्या लेन्समध्ये अश्व मुंगीएवढा. रात्री कीर्तनात उलट झालं. डोळे मिटून बसलेल्या आजीबाईंचे फोटो थोरल्याने दोन हातांवरून काढले, त्यांना पत्ताही लागला नाही. धाकट्याचा आरसा वाजला आणि त्यांनी दचकून पाहिलं.

पुण्यात येऊन रिळं धुतली. थोरल्याचं एक अख्खं रीळ कोरं! लेन्सवरचं झाकण काढायचं राहिलं होतं; खिडकीतून मात्र सगळं लख्ख दिसत होतं. धाकट्याच्या लाडक्या फोटोत टाळकऱ्याचे डोळे मिटलेले. आरसा वर असतानाच त्याची पापणी लवली होती.

दोघे मान खाली घालून उभे राहिले. मास्तर म्हणाले, "एकमेकांच्या कॅमेऱ्याचं वैगुण्य तुम्हाला तोंडपाठ होतं, आणि ते खरंही होतं. ऐकून मात्र कुणीच घेतलं नाही."

पुढच्या वारीला निघताना थोरल्याने लेन्सचं झाकण मास्तरांच्या टेबलावरच ठेवलं. धाकटा एकेका चेहऱ्याचे तीन-तीन फोटो काढू लागला. कोणता कॅमेरा घ्यावा, असं कुणी विचारलं की दोघेही आधी विचारत, "टिपायचं काय आहे?"

तात्पर्य : साधन कामाप्रमाणे निवडावं, आणि त्याची उणीव सांगणाऱ्याचं आधी ऐकावं.