नावाची घाई, मापाचा आळस

आमच्या नऊ वर्षांच्या मुलीला क्रोन्स हा आतड्याच्या सुजेचा आजार असावा, अशी डॉक्टरांना शंका आहे. आहेच, असं अजून कुणी म्हटलेलं नाही. आतड्याचा क्षयही असू शकेल. भेटायला येणारा प्रत्येक जण चहाचा कप हातात घेता घेता एकच विचारतो, ‘‘इतके दिवस झाले, अजून निदान कसं नाही? डॉक्टर बदलून बघा की.’’ विचारणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण मला आता वाटायला लागलंय, की मुलांच्या चिवट आजारांत आपली घाई आणि आपली सबुरी, दोन्ही भलत्याच वेळी येतात. धावपळ करायची तेव्हा आपण ‘वाढेल हळूहळू’ म्हणतो, आणि थांबायचं तेव्हा डॉक्टरांच्या मागे लागतो.

पोटात दुखणं, जुलाब, शौचातून रक्त, ही क्रोन्सची लक्षणं कुणीही सांगेल. मुलांच्या बाबतीत मात्र पुष्कळदा या सगळ्याच्या आधी उंची अडते. आतड्याला आतून सूज असली की भूक मरते, खाल्लेलं अंगी लागत नाही, आणि त्या सुजेतून रक्तात उतरणारी द्रव्यं वाढीच्या संप्रेरकाचं कामच बिघडवतात. पोटाची तक्रार कधी कधी कितीतरी महिन्यांनी सुरू होते. या वयाच्या मुलीची उंची वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढायला हवी. ती वाढतेय का हे बघायला भिंतीवरची पट्टी पुरते, आणि एक तक्ता. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सनं पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी 2015 मध्ये सुधारित तक्ते दिले. त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर अग्रभागी होते. म्हणजे साधन आपल्या गावातलं, आपल्या मुलांच्या मापाचं. तरी किती मुलांच्या फायलीत तो तक्ता भरलेला सापडतो? लशी संपल्या की मोजणं संपतं. वजन होतं, तेही तापाच्या औषधाचा डोस ठरवायला. उंची राहून जाते.

तक्ता रिकामा असला तरी घरात कारणांचा तुटवडा नसतो. जंत झालेत. दृष्ट लागली. बाहेरचं खाते. मोबाइल दाखवल्याशिवाय घास गिळत नाही. वडिलांच्या अंगकाठीवर गेली. मुलगी असली तर ‘बारीकच बरी’ हेही ऐकायला मिळतं. शाळेत फेब्रुवारी-ऑगस्टला जंताची गोळी मिळते, तीच घरी पुन्हा दिली जाते. शौचाच्या जागी भेगा पडल्या, कातडी लोंबायला लागली, तर मूळव्याध समजून मलम लावतात. लहान मुलांना मूळव्याध सहसा होत नाही. त्या जागेची अशी तक्रार वारंवार येत असेल, तर क्रोन्सचा विचार व्हायला हवा. यातली प्रत्येक समजूत एकेकटी घेतली तर निरुपद्रवी आहे. पण त्या एकापाठोपाठ एक येतात आणि वर्ष निघून जातं. मुलीला पाळी सुरू झाली की उंची वाढायला फार थोडा काळ उरतो, म्हणून हे वर्ष महाग पडतं.

दुसऱ्या प्रकारचा उशीर वेगळा आहे, आणि त्याच्या बाजूनं मला बोलायचंय.

शौचाच्या नमुन्यातून कॅलप्रोटेक्टिन तपासतात. ते वाढलेलं असलं तर आतड्यात सूज आहे एवढं कळतं. कशानं, ते कळत नाही. मग दुर्बीण. आदल्या संध्याकाळी पोट साफ करायचं पाणी पाजावं लागतं, खारट, लिंबाचा खोटा वास असलेलं. मूल पेला तोंडाशी नेतं, खाली ठेवतं, पुन्हा नेतं; आई समोर बसून गोष्ट सांगते, आणि दर घोटाला गोष्ट थांबते. दुसऱ्या दिवशी भूल देऊन तपासणी. एवढं सगळं झाल्यावर बायॉप्सीचा अहवाल येतो आणि त्यात लिहिलेलं असतं की ग्रॅन्युलोमा आहेत, क्षय किंवा क्रोन्स, इतर माहितीशी ताडून पाहावं. बाप म्हणून त्या क्षणी कागद फाडावासा वाटतो.

पण कागद खरं बोलत असतो. लहान आतडं जिथे मोठ्या आतड्याला मिळतं, ती जागा दोन्ही आजारांची आवडती. व्रण दोन्हींत, आतडं अरुंद होणं दोन्हींत, ताप आणि वजन घटणंही दोन्हींत. क्षयाची पक्की खूण म्हणजे ग्रॅन्युलोमाच्या मध्यभागी पेशी मरून झालेला भाग. ती पुष्कळ रुग्णांत तुकड्यात सापडतच नाही, आणि आतड्यात जंतू इतके विरळ असतात की जीन एक्सपर्ट ही जंतू शोधणारी चाचणीही हुकते. हा गोंधळ जुनाच आहे. ग्लासगोचे शल्यचिकित्सक केनेडी डॅलझील यांनी 1913 मध्येच क्षयासारखा दिसणारा पण क्षय नसलेला आतड्याचा विकार वर्णन केला होता. 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी चौदा रुग्णांवरून त्याला स्वतंत्र आजार ठरवलं. (शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉ. बर्ग यांनी लेखावर नाव घालायला नकार दिला, नाहीतर वर्णानुक्रमानं आज आपण ‘बर्ग्ज’ म्हणत असतो.) तेव्हा त्यांना वाटलं होतं की आजार लहान आतड्याच्या शेवटच्या भागापुरताच आहे. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, आणि खराब भाग कापून टाकला तरी परत येतो, हे पुढे कळत गेलं. नाव मिळालं म्हणजे आजार कळला, असं नाव देणाऱ्यांच्याही बाबतीत झालं नाही.

जिथे क्षय विरळ आहे तिथले डॉक्टर क्रोन्स धरून पुढे जाऊ शकतात. आपल्याकडे तसं करता येत नाही, कारण एका आजाराचं औषध दुसऱ्यात घातक ठरतं. स्टेरॉइडनं सूज दबते, मूल चार दिवसांत हसायला लागतं, घरचे सुटकेचा श्वास टाकतात. आत क्षय असेल तर तो मोकळा सुटतो. इन्फ्लिक्सिमॅब हे औषध 1998 मध्ये अमेरिकेत मोठ्यांच्या क्रोन्ससाठी आणि 2006 मध्ये मुलांसाठी मंजूर झालं, अनेकांचं आयुष्य त्यानं सावरलं. पण ते ज्या टीएनएफ नावाच्या द्रव्याला अडवतं, तेच शरीरात झोपलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवत असतं. म्हणून शंका मिटत नसेल तेव्हा आपले अनेक डॉक्टर आधी एकेटी, म्हणजे क्षयाचा कोर्स सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरलेत का ते पाहतात. भरले, तर क्षय. आमचं सध्या हेच चाललंय. त्या कोर्समधल्या रिफॅम्पिसिननं लघवी नारिंगी होते, हे मुलीला आधी सांगून ठेवलं होतं. ती घाबरली नाहीच, उलट तिनं आजीला बघायला हाका मारल्या.

या वाट पाहण्याला किंमत आहे. क्रोन्सच असला, तर हे महिने फुकट जातात आणि आतडं आणखी अरुंद होऊ शकतं. त्यात फसवाफसवीही आहे: क्रोन्सच्या काही रुग्णांना एकेटीनं थोडं बरं वाटतं, तेवढ्यावर घरचे आणि क्वचित डॉक्टरही क्षय ठरवून मोकळे होतात, दुसरी दुर्बीण टळते. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की थांबायचं तर मुदत ठरवून थांबावं. पुन्हा तपासणी कोणत्या महिन्यात, काय दिसलं तर काय करायचं, मधल्या काळात कशानं तातडीनं यायचं, हे डॉक्टरांकडून कागदावर घ्यावं. जो डॉक्टर ‘मला अजून माहीत नाही, पण अमुक दिवशी कळेल’ असं सांगतो, त्याला बदलण्याची मला तरी गरज वाटत नाही. पहिल्या भेटीत छातीठोक नाव सांगणाऱ्याची मला जास्त भीती वाटते.

क्रोन्स निघाला, तर मुलांसाठी एक वेगळा मार्ग आहे: सहा ते आठ आठवडे बाकी सगळं बंद करून फक्त औषधी द्रवाहार. सूज उतरवण्यात तो मुलांमध्ये स्टेरॉइडच्या तोडीचा ठरतो, आणि वाढीला मारक नाही. वरणभाताचा एक घासही नाही, मधे गणपती आले तर मोदकही नाही. आमच्या आईला क्षयापेक्षा हेच जास्त भयंकर वाटतं. तिचा दुसरा आग्रह असा, की बाहेर कुणाला काही सांगू नका, मुलीची जात आहे, उद्या लग्नाच्या वेळी निघेल. नऊ वर्षांच्या मुलीच्या आतड्याचा आणि तिच्या लग्नाचा संबंध जोडणाऱ्या समाजात ती वाढली, तिला काय बोलणार! पण लपवण्याची झळ मुलीलाच बसते. वर्गात तिला चटकन उठून जावं लागतं आणि परवानगी मागताना चाळीस मुलं बघतात.

शेवटी वर्गशिक्षिकांना भेटलो. बाई समजूतदार होत्या, पण म्हणाल्या, ‘‘आजाराचं नाव असलेलं सर्टिफिकेट लागेल.’’ डॉक्टरांनी लिहून दिलं: आतड्याच्या विकारासाठी तपासण्या व उपचार सुरू आहेत, विद्यार्थिनीस न विचारता स्वच्छतागृहात जाऊ द्यावे. बाईंनी ते वाचलं, हजेरीपटात ठेवलं आणि मुलीला दाराजवळच्या बाकावर जागा दिली. नाव काय, हे त्यांनी पुन्हा विचारलं नाही.