आंबा घाटात उतरण्याआधी

कोल्हापूर,
मिरगाचा पहिला सोमवार

चि. सोनू,

परवा शनिवारी तू गाडी दारात लावलीस तेव्हा मी ओट्यावरच बसलो होतो. सात वाजून गेले होते, आभाळ मोकळं होतं, गल्लीतले दिवे लागलेले होते आणि तुझ्या बंपरमधले दोन्ही फॉगलाइट लख्ख पेटलेले. समोरच्या आजी डोळ्यांवर हात धरून कट्ट्यावरून उठल्या आणि आत गेल्या, ते तुझ्या लक्षात आलं नाही. घर पाहुण्यांनी भरलं होतं म्हणून तेव्हा बोललो नाही. पण आता पावसाळाभर दर शनिवारी तू रत्नागिरीहून आंबा घाट चढून येणार आणि रविवारी दुपारनंतर उतरणार. उद्यमनगरात गाड्यांचं वायरिंग करण्यात माझी हयात गेली. हे तुला मी नाही सांगायचं तर कुणी सांगायचं? सावकाश वाच आणि गाडीच्या कप्प्यात ठेवून दे.

फॉगलाइट लांबचं दाखवत नाही, एवढं आधी डोक्यात पक्कं बसव. गिऱ्हाइकं दुकानात येतात ती नेमकं उलटं समजून. “धुकं फाडणारा लाइट बसवा” म्हणतात. धुकं फाडणारा लाइट अजून कुणी काढलेला नाही.

लहानपणी तू माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत यायचीस. पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आत पडायची आणि तिच्यात पिठाचा कण न् कण चमकायचा. उन्हाचा उजेड त्या कणावर आपटून तुझ्या डोळ्याकडे वळायचा, म्हणून तो दिसायचा. धुक्यात पिठाच्या जागी पाण्याचे थेंब असतात, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे, हवेत अधांतरी. तू अप्पर लाइट टाकलास की तो तुझ्या नजरेच्या वाटेतला थेंब न् थेंब उजळतो आणि त्यातला काही उजेड तुझ्याच डोळ्यांवर परत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. वॅट वाढवशील तितकी ती भिंत जास्त पांढरी होते.

फॉगलाइट खाली बंपरमध्ये बसवतात तो यासाठीच. कारला तो जमिनीपासून २५० ते ८०० मिलिमीटरच्या दरम्यान असावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याचा झोत थापलेल्या भाकरीसारखा चपटा आणि रुंद असतो आणि वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ. त्या कडेच्या वर उजेड जवळजवळ जात नाही. म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोरचे थेंब अंधारातच राहतात आणि त्यांच्याखालचा रस्ता तेवढा उजळतो. रस्त्यालगत धुकं नसतं म्हणून लाइट खाली लावतात, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. आंब्याला ढग डांबरावर टेकलेला असतो. झोत रुंद असल्यामुळे दोन्ही कडा दिसतात: डावीकडची पांढरी पट्टी, गटार, कठड्याचे दगड. तेही वीस-तीस मीटरपर्यंतच. त्याच्यापुढे त्याचं काम नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. अक्काला बाळंतपणासाठी माहेरी आणायला मी भाड्याची जीप घेऊन रत्नागिरीला गेलो होतो. येताना साखरपा सोडलं आणि घाटात रात्र झाली. जीपच्या बंपरवर दोन गोल फॉगलॅम्प होते, मीच बसवलेले. ड्रायव्हरने लांबवर उजेड पडायला हवा म्हणून हट्ट धरला होता आणि मी ते वर तोंड करून आवळले होते. गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं, एवढंच तेव्हा कळत होतं. घाटाच्या मध्यावर ढग अंगावर आला. ड्रायव्हरने अप्पर टाकला, फॉगलॅम्प लावले, आणि काचेपुढे पांढरा पडदा आला. वळण होतं तिथे तो सरळ गेला. पुढचं डावं चाक कठड्याच्या दगडावर चढून थांबलं. कठड्यापलीकडे खाली काय आहे तेही त्या पांढऱ्यात दिसत नव्हतं. अक्का काही बोलली नाही, तिने फक्त दोन्ही हातांनी पोट धरलं होतं.

मी पान्हा घेऊन पावसात उतरलो. लॅम्पचं नट ढिलं केलं, दोन्ही लॅम्प खाली वाकवले, पुन्हा आवळले. ड्रायव्हरला हेडलाइट डिपरवर करायला लावला. आणि बाई, तोच रस्ता, तेच धुकं, त्याच बॅटरीवर समोर दिसू लागलं: कठड्यावरचा चुन्याचा पट्टा, गटारातून वाहणारं लाल पाणी, रस्त्यावर पडलेले तीन दगड. फार नव्हतं, पण चालायला पुरेसं होतं. तिथून आंबा गावापर्यंत आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आलो. तेव्हापासून वर तोंड केलेला फॉगलाइट मी कुणालाही बसवून दिलेला नाही, गिऱ्हाईक परत गेलं तरी.

तुझ्या गाडीचे लाइट बरोबर आहेत का ते घरच्या घरी बघता येतं. सपाट जागी भिंतीपासून दहा मीटरवर गाडी उभी कर आणि फॉगलाइट लाव. भिंतीवर उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दहा ते वीस सेंटीमीटर खाली पडली पाहिजे, फार तर वीतभर. त्याहून वर असेल तर तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

आता कधी लावायचे. समोर १०० मीटरच्या आतलंच दिसायला लागलं की लावायचे. शंभर मीटर म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या आठ-नऊ एसटी. हवामान खातं एक किलोमीटरच्या आत दिसायला लागलं की त्याला धुकं म्हणतं आणि ५० मीटरच्या आत आलं की अतिदाट. पण एक किलोमीटरच्या धुक्याला फॉगलाइटची गरज नाही, डिपर पुरतो. मुसळधार पावसात पुढचं दिसेनासं झालं तरी लाव. सोबत डिपर चालूच ठेव. आणि धुकं सरलं की लगेच बंद कर. हे बंद करणंच माणसं विसरतात.

स्वच्छ रात्री लावल्याने काय बिघडतं, असं तू म्हणशील. एक तर तुझंच बिघडतं. गाडीच्या नाकासमोरचा रस्ता फार उजळला की डोळ्याची बाहुली त्या उजेडाला जुळवून घेते, बारीक होते, आणि लांबचा अंधार आणखी गडद होतो. आपल्याला मात्र वाटतं, किती छान दिसतंय. दुसरं, ओला रस्ता आरशासारखा असतो. खाली पडलेला उजेड त्याच्यावरून उसळून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो, आणि तो स्कूटरवर असला तर त्याच्या हेल्मेटच्या काचेवरचे थेंबही पेटतात.

पिवळे की पांढरे, हा वाद दुकानात रोज होतो. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरीपेक्षा कितीतरी मोठे असतात, त्यामुळे ते सगळे रंग जवळपास सारखेच पसरवतात. म्हणून तर ढग पांढरा दिसतो. पिवळा रंग धुक्यातून जास्त आरपार जातो, हा समज आहे. पिवळ्यात निळा भाग नसल्याने काहींच्या डोळ्यांना तो सुसह्य वाटतो, एवढं खरं. फ्रान्समध्ये तर १९९३ पर्यंत हेडलाइटही पिवळेच सक्तीचे होते. तुला आवडत असेल तर पिवळा घाल, माझी हरकत नाही. हरकत आहे ती बाजारातल्या निळसर एलईडी बल्बला. तुझ्या लॅम्पचा आरसा तारेच्या बल्बसाठी घडवलेला आहे. तारेची जागा मिलिमीटरने चुकली की ती कापलेली कड विस्कटते आणि उजेड वर उधळतो. वॅटही वाढवू नकोस. ५५ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर सव्वानऊ अँपिअरच्या आसपास ओढतात. १०० वॅटचे घातले की पावणेसतरा. कंपनीची वायर तेवढ्यासाठी नसते. काळवंडलेले होल्डर आणि वितळलेली वायर घेऊन लोक माझ्याकडे येतात, तेव्हा मी प्रत्येकाला तेच सांगतो.

तुझ्या गाडीला मागेही एक फॉगलाइट आहे, लाल. पुढच्याची खूण हिरवी, तिरक्या रेघा असलेली; मागच्याची पिवळसर, आडव्या रेघांची. दोन्हींवर नागमोडी रेघ असते. मागचा एकच लागतो, उजव्या बाजूला, तेव्हा दुसरा बल्ब गेला असं समजून गॅरेजवाल्याकडे जाऊ नकोस. तो ब्रेकलाइटइतका प्रखर असतो. दाट धुक्यात मागच्या ट्रकला तू आहेस हे कळावं, यासाठी तो आहे. पण मागचं वाहन जवळ आलं, त्याचे दिवे तुला आरशात स्पष्ट दिसले, की बंद कर. त्याला तू दिसलीस, काम झालं. चालूच ठेवलास तर तू ब्रेक कधी दाबलास हे त्याला उमगणार नाही. म्हणूनच तो ब्रेकलाइटपासून किमान दहा सेंटीमीटर दूर ठेवतात. नुसत्या पावसात तर त्याला हात लावू नकोस.

नव्या गाड्यांत एक खोट आहे. दिवसा पुढच्या पांढऱ्या पट्ट्या आपोआप लागतात आणि माणसाला वाटतं, लाइट चालू आहेत. पण बहुतेक गाड्यांत तेव्हा मागचे दिवे बंदच असतात. ऑटोवर ठेवलेला हेडलाइटही दिवसाच्या धुक्यात लागत नाही, कारण त्या सेन्सरला फक्त अंधार कळतो आणि धुकं उजळ असतं. मागून तुझी राखाडी गाडी धुक्यात विरघळून जाते. आंब्याच्या अलीकडे हवा पांढुरकी दिसली की हाताने डिपर लाव.

आणि चारही इंडिकेटर लावून गाडी चालवायची नाही. सगळे करतात, तू करू नकोस. वळायचं आहे हे तू सांगणार कसं? उभी गाडी कुठली आणि चालती कुठली, हे मागच्याने ओळखायचं कसं? ते दिवे उभं राहिल्यावर लावायचे, आणि उभं राहायचं ते घाटात कडेला नाही. आंबा गावात हॉटेलांसमोर जागा आहे, तिथपर्यंत ये.

वेगाचं गणित सांगतो, ते मात्र पाठ कर. ६० च्या वेगाने गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. दगड दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद, मग ओल्या रस्त्यावर घसरत थांबायला आणखी तीस मीटर. म्हणजे पन्नास मीटर सहज गेले. ३० च्या वेगाने हेच सगळं वीस मीटरमध्ये उरकतं. फॉगलाइट दाखवतो वीस-तीस मीटर. आता तूच सांग, किती वेगाने जायचं? धुक्यात कडेची झाडं मागे पळताना दिसत नाहीत, म्हणून वेग अंगाला कळत नाही. काट्याकडे बघत जा. पुढच्या एसटीच्या लाल दिव्यांना चिकटून जाऊ नकोस. ड्रायव्हर उंचावर बसलेला, त्याला रस्ता पाठ. तो जिथे कट मारून निघेल तिथे तू निघशीलच असं नाही. गाणी बंद कर, काच चार बोटं खाली घे. वळणापलीकडचा हॉर्न कानाला आधी कळतो. काच आतून धुरकटली तर एसी लावून वारा काचेवर सोड. पुष्कळदा धुकं बाहेर कमी आणि काचेवरच जास्त असतं.

घाटातलं धुकं म्हणजे समुद्रावरून आलेला ढग. ओली हवा सह्याद्रीला धडकून वर चढते, थंड होते आणि कड्याशी ढग धरतो. तो वाऱ्याबरोबर येतो-जातो. एका वळणावर गुडूप, दुसऱ्यावर लख्ख. थंडीतलं धुकं वेगळं. निरभ्र रात्री जमीन निवते आणि पहाटे पंचगंगेच्या काठच्या उसात ते निश्चल पडून राहतं, पुलांवर आणि ओढ्यांच्या सखलात जास्त. आणि ऐन हंगामात त्याच धुक्यात उसाचे ट्रॅक्टर असतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले, कित्येकांना मागे लाल दिवाही नाही; बैलगाड्यांना तर कसलाच नाही. डिसेंबरात पहाटे निघायची वेळ आली तर मला त्यांची घाटापेक्षा जास्त भीती वाटते. ऊस वाढ्यांसकट बाहेर लोंबतो आणि धुक्यात त्याचा रंगच दिसत नाही. तिथे ३० सुद्धा जास्त आहे. ऊन वर येईपर्यंत थांब, कामावर उशीर झाला तर होऊ दे.

शनिवारी निघताना सुती फडकं बरोबर घे. कोकणातला लाल चिखल उडून मागच्या दिव्यांवर बसतो आणि आतून दिवा लागलेला असूनही बाहेर उजेड येत नाही. साखरप्याला चहाला थांबशील तेव्हा मागचे-पुढचे सगळे दिवे पूस, फॉगलाइटच्या काचेला दगडाने तडा गेलाय का बघ, आणि मला फोन कर. आंब्याला वर पोचलीस की दुसरा. अक्का म्हणेल, पोर मोठी झाली, कशाला सारखे फोन. तिचं ऐकू नकोस. घरी आलीस की चहा व्हायच्या आत गाडी दुकानासमोर घेऊ. तिथल्या भिंतीपासून दहा मीटरवर खूण मी खडूने करून ठेवतो.

तुझा,
मामा