तुंबला की तुंबवला?

मराठी भाषेने मध्यमवर्गावर केलेला सर्वांत मोठा उपकार म्हणजे 'फुटणे' आणि 'फोडणे' ही दोन वेगळी क्रियापदं. आमच्या घरात आजवर एकही कप कोणी फोडलेला नाही. तरी दर दिवाळीला सहांचा संच चारांवर येतो, कारण कप फुटतात. दूध उतू जातं, चावी हरवते, इस्त्रीखाली सदरा जळतो. कर्ता नावाचा प्राणी आमच्याकडे फक्त शेजाऱ्यांविषयी बोलताना दिसतो. त्यांनी गाडी ठोकली. आमची मात्र जरा लागली.

व्याकरणातली ही पळवाट किती रुंद आहे ते मला कळलं ते मात्र स्वयंपाकघरात नव्हे, कॉम्प्युटरच्या खोलीत.

गोष्ट गेल्या शतकाच्या अगदी शेवटच्या वर्षांतली. मी एका बँकेच्या मुंबईच्या संगणक केंद्रात नोकरीला होतो. (बँकेचं नाव सांगत नाही. पेन्शन तिथूनच येतं.) बिऱ्हाड नाशकात. सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस, संध्याकाळी तिनेच परत. केंद्रात एक मेनफ्रेम होता. मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढा कॉम्प्युटर. थंडगार खोलीत बसायचा आणि आम्ही चपला बाहेर काढून त्याच्या दर्शनाला जायचो. सगळ्या शाखांची खाती त्याच्या पोटात.

एका पावसाळ्यात शाखांमधून ओरड सुरू झाली. खिडकीवर शिल्लक विचारली की उत्तर यायला इतका वेळ लागे की तेवढ्यात गिऱ्हाईक चहा पिऊन परत येई. साहेबांनी ताबडतोब निदान केलं: मशीन म्हातारं झालं, मोठं घ्या. मशीन विकणाऱ्यांनाही हेच निदान पटलं. टेलिफोनवाल्यांवर संशय घेणारा एक गट होता. शाखांच्या व्यवस्थापकांचं मत असं, की खिडकीवरचे कारकूनच मंद. खिडकीवरचा माणूस समोर दिसतो, ही त्याची मोठीच गैरसोय असते.

मी आकडे काढले. प्रोसेसर निम्म्याहून अधिक वेळ रिकामा! म्हणजे राजा सिंहासनावर जांभया देतोय आणि प्रजा दाराशी ओरडतेय. दोन दिवस काही सुचेना. तिसऱ्या दिवशी नाशिकरोडला गाडीत चढताना उजेड पडला. डब्याच्या दारात ही झुंबड, 'अहो, आत सरका' म्हणून आरडाओरडा. आणि महत्प्रयासाने आत घुसावं तर मधल्या वाटेत आरामात उभं राहायला जागा. डबा भरलेलाच नव्हता. दार भरलं होतं.

मेनफ्रेमचंही एक दार असतं. नेटवर्क अडॅप्टर नावाचं साधं वहीएवढं कार्ड. जगाशी होणारं सगळं बोलणं त्यातून आत-बाहेर होतं. आता अशा कार्डाचा स्वभाव मोठा पोस्टमनसारखा. एक जाडजूड पार्सल द्या, तो मुकाट्याने एका खेपेत नेईल. पण तेवढ्याच वजनाची हजार पोस्टकार्डं द्या, की प्रत्येकावरचा पत्ता वाचता वाचता बिचारा मेटाकुटीला येतो. आमचं कार्ड असंच तुंबलं होतं. तुंबलं की काही निरोप गळतात; निरोप गळला की पाठवणारा तोच पुन्हा पाठवतो; त्याने ते आणखी तुंबतं. वाईट लाइनवर दोघेही एकदम 'हॅलो, हॅलो' करत राहिले की फोनवर जे होतं, तेच.

मग प्रश्न उरला, ही पोस्टकार्डं पाठवतंय कोण? रात्री थांबून मी येणारा-जाणारा प्रत्येक निरोप नोंदवला. पहाटे तीन वाजता पाठवणाऱ्याचा पत्ता सापडला. माझाच होता.

वर्षभरापूर्वी मी मोठ्या कौतुकाने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. तो दर सेकंदाला प्रत्येक शाखेला विचारायचा, 'बरं आहे ना?' उत्तर आलं नाही, तर काळजीपोटी लगेच पुन्हा विचारायचा. सुरुवातीला शाखा पंधरा-वीस, तेव्हा हे खपून गेलं. मग शाखा वाढत गेल्या. आजाऱ्याला भेटायला येणारी मंडळी दर पाच मिनिटांनी 'झोप लागली का?' म्हणून विचारतात आणि तो झोपत नाही, तसं झालं. शिवाय त्या शाखांना खरोखर बरं नसल्याचं कारण मीच!

सेकंदाच्या जागी मी पाच मिनिटं घातली. सकाळी शाखा पळू लागल्या. साहेबांनी माझी पाठ थोपटली. अहवालात मी लिहिलं, 'अडॅप्टर तुंबला होता. उपाय करण्यात आला.' वाक्यात खोटं काहीच नाही. फक्त तुंबवणारा नाही.

सगळं इथेच संपलं असतं; पण त्या पावसाळ्यात नाशकातल्या आमच्या शाखेच्या खिडकीवरच्या एका कारकुनाला मंदपणाबद्दल मेमो मिळून एक वेतनवाढ रोखली गेली होती. हे मला ठाऊक होतं. माझं खातं त्याच शाखेत. शनिवारी मी त्याच खिडकीत पासबुक द्यायचो आणि तो भला गृहस्थ 'या साहेब' म्हणायचा. आपण न विचारता सांगायचं का? मशीन तर दुरुस्त झालं. असे शनिवार मी काही वर्षं काढले. मनुष्यप्राणी काय काय पचवतो!

2003च्या सिंहस्थात, 27 ऑगस्टला, रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यात चेंगराचेंगरी होऊन 30हून अधिक माणसं गेली. शहर कित्येक दिवस सुन्न होतं. कुठे ती माणसं आणि कुठे माझं कार्ड. तुलना करायचीही लाज वाटते. पण वाड्यात, कट्ट्यावर, पंचवटीच्या डब्यात जो तो म्हणत होता, 'गर्दी फार झाली हो.' मीही म्हणालो. 'मी गर्दी केली' असं वाक्य मराठीत कोणी उच्चारलेलं मला आठवेना. मीसुद्धा त्या पर्वणीला जाऊन आलो होतो. सहकुटुंब.

पुढच्या शनिवारी मी खिडकीशी गेलो. पासबुक दिलंच नाही. म्हटलं, "त्या वेळी तुम्हाला मेमो मिळाला ना, त्यात चूक तुमची नव्हती. माझी होती."

चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "माझी नव्हती ते मला माहीत होतं, साहेब," ते म्हणाले, "कोणाची, तेवढं कळत नव्हतं."

मी सगळं सांगायला सुरुवात केली. अडॅप्टर, पोस्टकार्डं, सेकंद. मागे रांग चुळबुळ करू लागली. त्यांनी हात वर करून मला थांबवलं आणि पैसे भरायची एक कोरी स्लिप खिडकीतून बाहेर सरकवली.

"लेखी द्याल? निवृत्तीला तीन वर्षं आहेत, वेतनवाढ लागली तर पेन्शनमध्ये येते. पण जरा बाजूला उभं राहून लिहा. दार अडतंय."

दोरीने बांधलेलं पेन जेमतेम पुरलं. स्लिपच्या पाठीवर मी लिहिलं, 'त्या काळात अडॅप्टर तुंबला होता.' मग ते खोडलं आणि दुसरी स्लिप मागितली.