राहावे की जावे?

ज्याचे मीठ खाल्ले त्याला पडत्या काळी सोडू नये, हा आपल्या समाजाचा जुना संस्कार आहे. जे आपल्यावर अवलंबून आहेत त्यांची उपासमार होऊ देऊ नये, हाही तितकाच जुना संस्कार आहे. सुस्थितीत हे दोन्ही संस्कार एकाच घरात सुखाने नांदतात. मनुष्य मालकाची सेवा करतो आणि त्याच सेवेतून मुलाबाळांचे पोषण करतो. परंतु ज्या संस्थेत तो चाकरी करतो तिचाच आर्थिक पाया खचू लागला, पगार आधी लांबला, मग अर्धा आला, मग थांबला, म्हणजे या दोन कर्तव्यांची फारकत होते. अशा वेळी मनुष्याने राहावे की जावे? आणि जे काही तो करील ते धर्माला धरून आहे, हे त्याने कशावरून ओळखावे? याच प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न काल्पनिक नाही. आपल्या देशातील विमान-वाहतुकीच्या व्यवसायात तो वारंवार उभा राहिला आहे. किंगफिशर कंपनीची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये जमिनीवर आली, ती पुन्हा उडाली नाहीत. गो फर्स्ट कंपनीने मे २०२३ मध्ये स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला आणि तिची उड्डाणे थांबली. यांत सर्वांत बोलके उदाहरण जेट एअरवेजचे आहे. ५ मे १९९३ रोजी सुरू झालेली ही कंपनी पंचवीस वर्षांत शंभराहून अधिक विमाने चालवू लागली होती. पुढे कर्ज वाढले, विमानांचे भाडे थकले, वैमानिक व अभियंते यांचे पगार राहू लागले. मार्च २०१९ मध्ये संस्थापकांना संचालक मंडळ सोडावे लागले. अखेर तातडीचे कर्ज देण्यास बँकांनी नकार दिला आणि १७ एप्रिल २०१९ च्या रात्री अमृतसरहून मुंबईसाठी निघालेले विमान हे त्या कंपनीचे शेवटचे उड्डाण ठरले.

त्या अखेरच्या महिन्यांत हजारो घरांत रात्री काय चर्चा झाली असेल, याची कल्पना कोणत्याही गृहस्थाला करता येईल. आपण अशा तीन सेवकांचा विचार करू. एक वैमानिक आहे. शिक्षणासाठी काढलेले मोठे कर्ज अजून फिटलेले नाही, आणि ज्या जातीचे विमान तो चालवितो त्याहून वेगळे विमान चालवावयाचे तर पुन्हा प्रशिक्षण घेणे त्याला भाग आहे. दुसरा देखभाल-अभियंता आहे; त्याची स्वाक्षरी झाल्यावाचून दुरुस्त झालेले विमान उड्डाणाला सोडता येत नाही. तिसरा सामान चढविणारा कामगार आहे. त्याला दुसरीकडे कोणी बोलावीत नाही आणि शिल्लकही नाही. तिघांचा मालक एक, संकट एक. परंतु तिघांपुढील वाटा सारख्या नाहीत. म्हणून सर्वांना एकच उत्तर देणारा उपदेश येथे निरुपयोगी होय.

पुष्कळ लोक या प्रश्नाचा निकाल फळावरून लावतात. कंपनी बुडाली की म्हणतात, जे वेळीच गेले ते शहाणे. कंपनी तरली की म्हणतात, जे राहिले ते खरे निष्ठावंत. १७ डिसेंबर २०१४ रोजी तेल कंपन्यांनी उधारीवर इंधन देण्याचे थांबविल्यामुळे स्पाइसजेटची विमाने दिवसाचा बराच वेळ उभी होती. तिचा शेवट झाला असे त्या दिवशी अनेकांना वाटले. परंतु नवे नेतृत्व आले आणि त्या वेळी ती कंपनी सावरली. एअर इंडिया १९५३ मध्ये सरकारी झाली, पुढे अनेक वर्षे तोट्यात राहिली, आणि २७ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा टाटांच्या हाती गेली. जेटच्या बाबतीत मात्र आशा पुनःपुन्हा उगवली आणि मावळली. २०२१ मध्ये पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली. परंतु ती फळास आली नाही आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला.

आता पाहा. २०१४ च्या डिसेंबरात स्पाइसजेटमध्ये थांबलेला अभियंता आणि २०१९ च्या मार्चमध्ये जेटमध्ये थांबलेला अभियंता, दोघांचा हेतू शुद्ध आणि कष्ट सारखेच असू शकतात. एकाला पगार मिळत राहिला, दुसऱ्याचा बुडाला. मग पहिल्याचे राहणे धर्म आणि दुसऱ्याचे राहणे अधर्म म्हणावे काय? असे म्हणणे म्हणजे बँकेच्या निर्णयावर मनुष्याचे शील ठरविणे होय. फळ आपल्या हाती नाही, हे गीतेच्या वाचकाला नव्याने सांगावयास नको. परंतु या तत्त्वाचा एक व्यावहारिक अर्थ आपण बहुधा विसरतो. निर्णय घेतेवेळी जे आपल्याला ठाऊक होते, ज्या हेतूने आपण वागलो आणि ज्या रीतीने वागलो, एवढ्याचेच उत्तर आपल्याला द्यावयाचे असते. पुढे काय झाले याचा अभिमान धरू नये आणि त्याबद्दल स्वतःला आयुष्यभर बोलही लावू नये.

तर मग पहिली परीक्षा हेतूची. राहणारा मनुष्य स्वतःला निष्ठावंत म्हणतो. पण त्याने स्वतःला विचारावे की, ही निष्ठा आहे की सवय? गणवेशाचा, हुद्द्याचा, ओळखीच्या माणसांचा मोह पुष्कळदा कर्तव्याचे वस्त्र पांघरून येतो. थकलेला पगार कधीतरी मिळेल या आशेने आणखी दोन महिने थांबणे, मग त्या चार महिन्यांसाठी आणखी दोन महिने थांबणे, यात निष्ठा थोडी आणि गुंतलेल्या धनाचा लोभ अधिक असतो. उलट जाणारा मनुष्य स्वतःला व्यवहारी म्हणतो. त्यानेही विचारावे की, हा विवेक आहे की भय? सगळे पळत आहेत म्हणून पळणे हा विवेक नव्हे.

आपल्या प्राचीन कथांत या द्विधेचे स्पष्ट चित्र आहे. बिभीषणाने बंधूचे घर सोडले. कुंभकर्णाने बंधूची चूक ओळखूनही सोडले नाही. भीष्म हस्तिनापुरात राहिले, विदुरही राहिला. परंतु द्यूतसभेत विदुर स्पष्ट बोलला आणि भीष्मांना स्पष्ट बोलता आले नाही. यावरून दिसते की, राहणे किंवा जाणे यांपैकी कोणतेही एक स्वतःहून धर्म किंवा अधर्म नाही. सत्य कोणी राखले आणि निरपराध माणसाचे रक्षण कोणी केले, हा खरा प्रश्न आहे.

येथून दुसरी परीक्षा निघते. आपली निष्ठा मूळची कोणाशी आहे? कंपनीचे नाव व चिन्ह हा काही देह नव्हे. मालक बदलतो, भागीदार बदलतात. वैमानिकाची निष्ठा प्रथम त्याच्या मागे बसलेल्या प्रवाशांशी आहे, जे त्याला ओळखत नाहीत आणि तरीही आपला जीव त्याच्या हाती देतात. अभियंत्याची निष्ठा त्या स्वाक्षरीशी आहे. ती करताना त्याला पगार मिळाला होता की नाही, हे विमानाच्या यंत्राला ठाऊक नसते. यास्तव राहणाऱ्याने पूर्ण राहावे. अंगाने कामावर आणि मनाने बाहेर, पगार नाही म्हणून तपासणीही अर्धीच, अशा प्रकारचे राहणे हे सर्वांत वाईट. कारण त्याचे प्रायश्चित्त मालकाला नव्हे, तिसऱ्याच निरपराध माणसाला भोगावे लागेल.

परंतु पोटाची चिंता असताना मन स्थिर राहत नाही, हेही सत्य आहे आणि ते लपविण्यात पुण्य नाही. मार्च २०१९ मध्ये जेटच्या देखभाल-अभियंत्यांच्या संघटनेने नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला पत्र लिहून कळविले की, तीन महिन्यांचे वेतन मिळालेले नाही, त्याचा मनावर परिणाम होत आहे आणि त्यामुळे उड्डाणांच्या सुरक्षिततेला धोका आहे. कोणी याला मालकावर दडपण आणण्याची युक्ती म्हणेल. परंतु ज्याची स्वाक्षरी हाच प्रवाशांचा आधार आहे, त्याने आपल्या मनाची खरी अवस्था अधिकाऱ्यांना कळविणे हे त्याचे कर्तव्यच आहे. ज्या दिवशी आपले चित्त कामावर नाही असे त्याला वाटेल, त्या दिवशी त्याने स्वाक्षरी न करणे हीच सेवा होय. आणि असे दिवस रोजचेच होऊ लागले तर त्याने जावे, यात मिठाला न जागणे मुळीच नाही.

तिसरी परीक्षा जाण्याच्या रीतीची. २०१७ मध्ये महासंचालनालयाने मुख्य वैमानिकासाठी एक वर्षाची आणि सहवैमानिकासाठी सहा महिन्यांची पूर्वसूचना ठरविली. एकाएकी वैमानिक गेल्याने उड्डाणे रद्द होतात आणि प्रवाशांचे हाल होतात, हा त्यामागील विचार होता. येथे वैमानिक विचारील की, मालकाने वेतनाचे वचन मोडले असताना सूचनेचे वचन मी का पाळावे? प्रश्न न्याय्य आहे. बारा महिने विनावेतन राबावे असा धर्म कोणी कोणाला सांगू नये. त्याने न्याय मागावा, वरिष्ठांकडे मोकळीक मागावी. परंतु सूचनेतील एक भाग मालकाच्या देण्याघेण्याचा आहे आणि एक भाग परक्या प्रवाशाच्या विश्वासाचा आहे. पहिला भाग मालकाच्या वचनभंगाने सैल होतो, दुसरा होत नाही. म्हणून उद्या सकाळचे उड्डाण आज रात्री टाकून जाऊ नये; जे हाती आहे ते दुसऱ्याच्या हाती नीट देऊन जावे. वैमानिकांच्या संघटनेने १ एप्रिल २०१९ पासून उड्डाण न करण्याचा इशारा दिला होता आणि तो पंधरा एप्रिलपर्यंत पुढे ढकलला. पगार मिळाला नाहीच. तरी उघड इशारा देणे आणि त्यातही संस्थेला अवधी देणे, ही रीत सज्जनाची होय.

आता त्या तिसऱ्या सेवकाकडे वळू, ज्याला जाण्याची वाटच नाही. ज्यांना वाट आहे त्यांच्यावर त्याचे काही ऋण आहे. वैमानिकांच्या पगारासाठी सारा देश बोलतो, सामान चढविणाऱ्याच्या पगारासाठी कोण बोलणार? बलवानाने आपल्या मागण्यांत दुर्बलाचे नाव प्रथम घालावे. आणि जाताना, कंपनीची जी खरी स्थिती आपल्याला कळली आहे, ती त्याला सांगून जावे. मागे राहणाऱ्यांना खोट्या आशेत ठेवून गुपचूप निघून जाणे हा चोरीचाच एक प्रकार आहे; त्यात दुसऱ्याचा वेळ चोरला जातो.

आणि येथे मालकाच्या धर्माचाही उल्लेख केला पाहिजे. पगार देता येत नाही, हे दुर्दैव असू शकेल. परंतु पगार देता येणार नाही हे ठाऊक असून ते लपविणे, हे पाप आहे; कारण त्यामुळे सेवकाचा विवेक करण्याचा अधिकारच हिरावला जातो. २०१६ च्या दिवाळखोरी कायद्यात मोडीत निघालेल्या कंपनीच्या मालमत्तेतून कामगारांच्या चोवीस महिन्यांच्या देण्याला तारण असलेल्या कर्जाच्या बरोबरीचे स्थान दिले, इतर कर्मचाऱ्यांच्या बारा महिन्यांच्या वेतनाला त्यानंतरचे स्थान दिले, आणि भविष्यनिर्वाह निधी व उपदान निधी यांना त्या वाटणीबाहेर सुरक्षित ठेवले. घामाचे ऋण हे धनाच्या ऋणाहून हलके नाही, हेच तत्त्व कायद्याने आपल्या भाषेत मान्य केले आहे. मात्र कायद्याचे फळ वर्षांनी मिळते. मालकाने खरे सांगितले तर सेवकाला त्याच दिवशी सावध होता येते.

शेवटी एक शब्द घरासंबंधी. अशा काळी अनेक पुरुष, आणि आता कमावत्या स्त्रियाही, घरात काही सांगत नाहीत. आपल्या माणसांना काळजी नको, या प्रेमाने ते गप्प राहतात. परंतु ज्यांच्यासाठी निर्णय घ्यावयाचा त्यांनाच वगळून घेतलेला निर्णय एकट्याच्या अहंकाराचा असतो. पत्नी वा पती, वृद्ध माता-पिता, समजत्या वयाची मुले, यांच्यापुढे हिशेबाची वही उघडी ठेवावी. किती महिने निभेल, कोणता खर्च थांबवता येईल, कोणते कर्ज आधी फेडावे, हे सर्वांनी मिळून ठरवावे. घराचा आधार आहे असे कळले म्हणजे मनुष्य भयाने पळत नाही आणि मोहाने अडकूनही बसत नाही.

ज्या कोणा वाचकावर आज अशी वेळ असेल, त्याने स्वतःला तीन गोष्टी विचाराव्यात. मी लोभाने किंवा भयाने तर ठरवीत नाही ना? मी राहिलो तर माझे काम पूर्ण राहील काय? मी गेलो तर माझ्या जाण्याने कोणा निरपराधाचा विश्वास मोडेल काय? यांची उत्तरे प्रामाणिकपणे आली, तर तो राहो वा जावो, त्याचे पाऊल धर्माच्याच वाटेवर आहे. मग ती कंपनी तरली काय आणि बुडाली काय, रात्री अंथरुणावर पडताना त्याला आपल्या मुलांकडे स्वच्छ दृष्टीने पाहता येईल.